दोन पडद्यांची अट

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाचायला बसण्याआधी मशीन बंद कर, नाहीतर अर्धं पत्र सुईखाली जाईल.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि मुद्दा राहून जातो. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हे टपालखात्याचे माझ्यावर मोठेच उपकार आहेत.

तर मुद्दा. खारू या सुट्टीत माझ्याकडे राहायला येण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतोय, कारण तिच्या आईने सगळं तिच्यावरच सोडलंय. म्हणाली, पोरगी चौदा वर्षांची झाली, वाटलं तर येईल, आवडलं तर पुढच्या सुट्टीतही येईल, नाही आवडलं तर आहेच आपलं पूर्वीसारखं. पूर्वीसारखं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. महिन्यातून एकदा आइस्क्रीमच्या दुकानात समोरासमोर बसायचं, मी शाळा कशी चाललीय विचारायचं, तिने ‘बरी’ म्हणायचं आणि शेजारच्या टेबलावर तिच्या आईने घड्याळाकडे बघायचं. मला ते परत नकोय. आम्ही वेगळे झाल्यापासून लेक एक रात्रही माझ्याकडे राहिलेली नाही. ही एकच संधी आहे आणि ती मी हातची घालवणार नाही.

जानेवारीत ती जागा बघायला आली होती. खोलीच्या मध्ये उभी राहिली, खिडकीतून बाहेर बघितलं, पाणी प्यायली आणि गेली. काही नावं ठेवली नाहीत, म्हणजे आवडली असावी.

आता खरी गोष्ट. ती लहान असताना आमच्याकडे ते घडीचं खेळयंत्र होतं, आठवतंय? पावडरच्या डबीसारखं उघडायचं. वर एक पडदा, खाली एक पडदा, खालच्यावर काडीने लिहायचं. काडी तिच्याकडे, बटणं माझ्याकडे, एकाच यंत्रावर दोघं. जेवायला बोलावलं तरी उठायचो नाही. मग एकदा तुझ्याकडे आलो असताना भावोजी त्याच्यावर बसले आणि बिजागरी गेली. मी काही मनात ठेवलेलं नाही, फक्त विसरलेलो नाही.

ते यंत्र आता कुणी बनवत नाही. पण नवीन यंत्रं निघालीत, त्यांत जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. म्हणजे यंत्र नवं असतं आणि स्वतःला जुनं समजतं. भावोजींच्या अगदी उलट. खारू यायच्या आत तसलं एक घ्यायचं माझ्या मनात आहे. प्रश्न एवढाच, की साधं एका पडद्याचं घ्यावं, की पूर्वीसारखं मिटणारं, दोन पडद्यांचं?

तुझं मत कळव. थट्टा करशीलच, ती मताच्या खाली लिही.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

ऑपरेटरसाहेब,

पत्र मशीन बंद करून वाचलं. तेवढ्यात दोन अभ्रे शिवून झाले असते, पण भावापेक्षा अभ्रे का मोठे?

लेक इतक्या वर्षांनी तुझ्याकडे राहायला येणार आणि तुला प्रश्न काय पडला, तर डबा एका पडद्याचा घेऊ की दोन! तिला झोपायला काय आहे, हा प्रश्न तुझ्या वाटेला आला नाही वाटतं. तुझ्या त्या खोलीत एक पलंग आहे आणि एक खुर्ची. खुर्चीवर तुझे धुतलेले आणि न धुतलेले कपडे गुण्यागोविंदाने नांदतात. पोरीला कुठे ठेवणार आहेस, त्यांच्यात?

आणि दोन पडदे कशाला? तू थिएटरच्या केबिनमध्ये बसून जन्मभर एका मोठ्या पडद्याकडे बघत आलास. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते. एवढ्याने या घराण्याचं भागत नव्हतं म्हणून तू खिशात घालायला आणखी दोन आणणार. आण बाबा. तुझी हौस आहे.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. पलंग घे. भिंतीला रंग लाव. न्हाणीघराच्या दाराची कडी बसते का बघ, मागच्या वेळी मी दाराला पाठ लावून अंघोळ केली होती. मग उरेल त्यात डबा घे, एक पडदा पुष्कळ झाला. तिला आता त्यात रस असेल याची खात्री तुला कोण देतंय? ती रविवारी मला फोन करते, तेव्हा विचारीन तिला, काय हवंय म्हणून. विचारायचं असतं, हे तुम्हा बापलोकांना कुणी सांगत नाही.

तुझे भावोजी म्हणतात, ते यंत्र सोफ्याच्या रंगाचं होतं. त्यांनाही काही विसरायला झालेलं नाही.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

पलंग घेतला. माझ्या पलंगाला काटकोनात लावलाय, मध्ये चालायला वाट आहे. कडीही बसवली. खुर्ची मोकळी केली, कपडे आता खुर्चीखाली आहेत. एवढं ऐकल्यावर मला यंत्राबद्दल बोलायचा अधिकार मिळाला असं धरून चालतो.

तीन यंत्रं डोळ्यांपुढे आहेत. पहिलं, त्याला आपण जाडा म्हणू. दोन्ही पडदे तेजस्वी, वरचा मोठा, खालचा लहान, काळा रंग, बिजागरी अशी घट्ट की भावोजी बसले तरी चालतील. पण वजन भरपूर. दुसरी नाजूक. वजनाला हलकी, दोन्ही पडदे सारख्या मापाचे, जुन्या यंत्रासारखेच दिसतात. पण जड खेळ लावला की तापते आणि अडखळते. तिसरा लोळ्या. तो पाठीवर पूर्ण उलटा वळतो, हवा तसा ठेवा. पण वळणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही.

हे सोपं वाटतं, सोपं नाही. दोन पडद्यांचे रंग जुळले नाहीत तर वर आभाळ निळं आणि खाली जांभळट दिसतं. केबिनमध्ये वीस वर्षं घालवलेल्या माणसाला ते चालत नाही. दोन पडद्यांमधल्या फटीचाही प्रश्न आहे. वरून पडलेला चेंडू खालच्या पडद्यावर लगेच यावा, की फटीत क्षणभर नाहीसा व्हावा? जुन्यात नाहीसा व्हायचा. खारू तेव्हा श्वास धरायची. यावर जगभरचे लोक इंटरनेटवर एकमेकांच्या उरावर बसलेत आणि मी सगळ्यांचं वाचतोय. तिकीटखिडकीवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, घ्या काहीतरी आणि सुटा. गिऱ्हाइकालाही त्या असंच तिकीट देतात, कोपऱ्यातलं.

समोरच्या इमारतीत डिसेंबरपासून दातांचा दवाखाना सुरू झालाय. त्यांची थांबायची खोली बरोबर माझ्या खिडकीसमोर येते. दहा-बारा जण गाल धरून बसलेले असतात आणि मी भात लावला तरी माझ्याकडे बघत राहतात. खारूची छान करमणूक होईल.

धाकटा

२ मार्च

बाबा रे,

हरले मी. तुम्ही दोघं एकाच मातीची मडकी आहात, हे मला आधीच कळायला हवं होतं.

रविवारी खारूचा फोन आला. हॉटेलच्या बावीस खिडक्यांचं काम अंगावर, मशीन चालू, तरी फोन खांद्यात धरून विचारलं, बाबाकडे जाणार ना, काय हवंय तुला तिथे? मग हळूच म्हणाली, “आत्या, बाबाला सांग, दोन पडदे असले तरच येईन. मला त्याला सांगायला कसंतरी होतं.” पुढेही काहीतरी म्हणाली, रंगाचं वगैरे, पण दोरा तुटला आणि मी त्याच्या मागे लागले. नंतर ऐकते म्हटलं, तर फोन ठेवलेला.

घे. मी इकडे पलंग आणि कडी करत बसले, आणि पोरीची अट बघ! बापाला सरळ सांगायला लाजते बिचारी, महागडी वस्तू मागायची म्हणजे संकोच होणारच. दोन पडदे असले तर येईल, एक असला तर तू आणि आइस्क्रीमवाला. घेऊन टाक तो तुझा जाडा. त्या फटीचंही काय ते बघ. माझा सल्ला यापुढे फक्त कापडाबाबत घेत जा.

हरलेली,
ताई

१७ मार्च

हरलेल्या ताई,

तुझं पत्र मी फ्रेम करून केबिनमध्ये लावणार होतो, पण व्यवस्थापक म्हणाले की आग लागू शकेल असं काही तिथे लावायचं नाही.

जाडा आला. ताई, ती बिजागरी! उघडताना एकदाच ‘टक’ असा आवाज येतो आणि झाकण नेमकं हवं तिथे थांबतं. सगळे जुने खेळ त्यात भरले. रंग जुळवले. वरचा पडदा जरा पिवळट होता, दोन सकाळी त्यात गेल्या. चेंडू आता फटीत नाहीसा होतो, बरोबर पूर्वीइतकाच. काडीसुद्धा वेगळी मागवली, कारण सोबत आलेली काडी म्हणजे दात कोरायची काडी, समोर दवाखान्यात खपली असती.

खारूला मात्र यंत्र दाखवलं नाही. आल्यावर एकदम हातात ठेवणार. पण राहवेना, म्हणून काल तिला निरोप पाठवला, ‘आत्याने सांगितलं. दोन्ही पडदे आणले.’ लगेच उत्तर आलं, ‘खरंच? थँक यू बाबा.’ मग म्हणाली, कुठल्या रंगाचे? मी म्हटलं, काळे. ती म्हणाली, दोन्ही काळे? मी म्हटलं, काळ्याची शोभा वेगळीच असते. तर विचारते कशी, खूप अंधार नाही ना वाटणार? मी म्हटलं, छे, बोट फिरवलं की उजेड कमीजास्त होतो. यावर तिने तीन प्रश्नचिन्हं पाठवली. मग विचारलं, मोठे आहेत ना पुरेसे? मी अभिमानाने सांगितलं, वरचा सहा इंचाचा आणि खालचा चार.

त्यानंतर काही लिहिलं नाही. आनंदाने गप्प झाली असणार. किती चौकस आहे बघ, बापाचा गुण.

विजयी,
धाकटा

२९ मार्च

ताई,

खारू येत नाही.

सोळा तारखेनंतर तिने माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. आधी वाटलं परीक्षा असेल. काल तिच्या आईचा निरोप आला, तो जसाच्या तसा देतो: ‘ती येत नाही म्हणते. एवढी हिंमत करून तिने एक गोष्ट मागितली आणि तू तिची चेष्टा केलीस. मला मध्ये पाडू नकोस.’ मी फोन केला, उचलला नाही.

मी कसली चेष्टा केली? सगळं संभाषण पंचवीस वेळा वाचलं. त्यात मी एकदाही विनोद केलेला नाही, माझ्या दृष्टीने हाही एक विक्रमच आहे. काळा रंग आवडला नसेल तर तसं सांगायचं, चेष्टा कुठली? की सहा इंच कमी वाटले? एवढ्यावरून कुणी बापाकडे यायचं टाकतं का?

यंत्र टेबलावर आहे. काल संध्याकाळचा शो मी चुकीच्या भागापासून लावला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. समोरचे गाल धरून बसलेले लोक माझ्याकडे बघतात आणि मला वाटतं, यांचं दुखणं निदान काढून टाकता येतं.

मला भीती वाटतेय, ताई. ती एकदा नाही म्हणाली की पुढच्या सुट्टीत विचारायचं तोंड मला राहणार नाही. तू बोल तिच्याशी. आणि तेवढ्यापुरतं मशीन बंद ठेव.

धाकटा

३ एप्रिल

धाकट्या,

बस. पाणी पी. मग वाच.

मशीन बंद ठेवली, दुकानाचं दारही लावलं आणि तिला फोन केला. म्हटलं, खारू, बाबाने एवढे दोन पडदे आणले आणि तू रुसून बसलीस? तर रडायलाच लागली. म्हणाली, “आत्या, सहा इंचाचा पडदा खिडकीला कसा लावतात ते तरी सांग मला.”

खिडकीला, ऑपरेटर. खिडकीला.

तिला कापडाचे पडदे हवे होते. एक त्या खिडकीला, कारण समोरच्या दवाखान्यातले सगळे तुझ्या खोलीत बघत बसतात, जानेवारीत आली तेव्हाच तिने ते पाहिलं. आणि दुसरा तिच्या पलंगाच्या आणि तुझ्या पलंगाच्या मध्ये. मी म्हटलं, अगं, मग तसं सांगायचं. ती म्हणाली, “तुला सांगितलं की. तू पडदे शिवतेस म्हणून तर तुला सांगितलं. मी तिथे कपडे कुठे बदलू, आत्या? हे मी बाबाला कसं विचारू?”

चौदा वर्षांची मुलगी आहे ती. तुझ्या डोक्यात अजून काडी धरून बसलेली पोर आहे आणि तिच्या काळजीत दहा-बारा अनोळखी माणसं खिडकीतून बघतायत. वर तू तिला सांगतोस, बोट फिरवलं की उजेड कमीजास्त होतो. तिला वाटलं, बापाने एवढ्या नाजूक गोष्टीची टिंगल केली. मग ती रडणार नाही तर काय करणार!

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण जीभ रेटेना. तू सिनेमाचा माणूस, तुला पडदा म्हटलं की चित्र दिसतं. माझं काय? मी जन्मभर पडदे शिवतेय. कात्रीवर हात पडण्याआधी मला पडदा दिसतो. आणि ज्या एका गिऱ्हाइकाने मला खरोखर गरजेचा पडदा सांगितला, तिला मी यंत्राची ऑर्डर समजले. तुझ्या त्या जाड्याने आणि नाजूकने माझं डोकं इतकं भरलं होतं की मला माझाच धंदा आठवला नाही. हॉटेलच्या बावीस खिडक्या मात्र वेळेत दिल्या.

तिला सगळं सांगितलं नाहीये. ते तू सांग, आणि नटवू नकोस. ती येईल की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. खिडकीचं माप पाठव, आणि दोन पलंगांमध्ये दांडी कुठून कुठे जाईल तेही. आजच्या आज.

ताई

५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र दवाखान्याकडे पाठ करून वाचलं. जानेवारीत ती त्या खिडकीशी उभी होती आणि मी तिला म्हणालो होतो, बघ, किती उजेड येतो. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, ती आता वाटतेय.

तिला लिहिलं, ‘मला वाटलं तू खेळयंत्राच्या पडद्यांबद्दल बोलतेस. तेच आणलं. चेष्टा केली नव्हती. मी मूर्ख आहे.’ दिवसभर केबिनमध्ये दर रिळाला फोन बघत होतो, म्हणजे रीळ आता नसतातच, पण सवय. शेवटी उत्तर आलं, ‘मूर्ख नाहीस. ऑपरेटर आहेस.’ हे वाक्य तिने तुझ्याकडून घेतलंय, नाकारू नकोस.

मग मी विचारलं, रंग कुठला? ती म्हणाली, पिस्ता. आणि थोड्या वेळाने, ‘जाड कापड. आतलं दिसायला नको.’ येते असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तुझ्याकडून शिकलोय.

थिएटरच्या गोदामात जुना मखमली पडदा पडलेला आहे, पूर्वी चित्रपट सुरू व्हायच्या आधी बाजूला सरकायचा तो. व्यवस्थापक फुकट देतो म्हणाले. लाल आहे. चालेल का?

मापं: खिडकी चौसष्ट इंच. मधला पडदा एकशे अठ्ठावीस इंच.

धाकटा

१० एप्रिल

धाकट्या,

मखमल ठेव तिथेच. त्यात तीन पिढ्यांची धूळ आहे आणि उंदरांची चौथी. मुलीने पिस्ता सांगितलाय.

आता मापांविषयी. एवढी वर्षं झाली, पण खिडकीचं एकच माप देणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. चौसष्ट म्हणजे काय, उंची की रुंदी? भावोजी आणि मी दोघं डोकं खाजवत बसलो. मग त्यांच्याच लक्षात आलं. ते म्हणाले, हा टीव्ही मोजतात तसं मोजतोय, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात! खरंय ना? खिडकी तिरकी मोजलीस? पलंगांच्या मधली जागाही तिरकी मोजलीस? तुला दंडवत घालावा की तू समोर दिसल्यावर पट्टी फेकून मारावी, ठरत नाहीये.

आडवी मोज. मग उभी मोज. दोन आकडे पाठव. चुण्या मी बघते. मधल्या पडद्याला दुहेरी कापड लावतेय, मागून दिवा असला तरी सावली दिसणार नाही असं. दांडी छताला पक्की कर, ओढल्यावर खाली आली तर मी स्वतः येईन.

आणि एक ऐक. तो पडदा म्हणजे दार आहे असं समज. बाहेरून हाक मारायची, आतून उघडला तर उघडला. तू हात लावायचा नाही. धूळ झटकायलासुद्धा नाही.

ताई

२३ एप्रिल

ताई,

पार्सल मिळालं. दोन्ही पडदे लावले. दांडीला मी लोंबकळून बघितलं, दांडी राहिली, मी पडलो.

खिडकीवरचा ओढल्यावर दवाखान्यातल्या एका आजोबांनी हात हलवून नाराजी दाखवली. त्यांचं मनोरंजन बंद झालं. त्यांनी आता दातांकडे लक्ष द्यावं.

दोन्ही पडद्यांचा फोटो खारूला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही, एक शब्दही नाही. लिहिलं असतं तर काहीतरी बिनसलं असतं. तिने उत्तर दिलं, ‘शनिवारी. आई सोडेल.’

धाकटा

९ मे

ताई,

ती आली त्याला आठवडा उलटून गेला. पत्र पाठवायला उशीर झाला, कारण एका खोलीत दोन माणसं राहिली की लिहायला टेबल मोकळं मिळत नाही, हे मी विसरलो होतो.

सगळं सांगतो, तुला गोड वाटेल असं काही सांगत नाही. आल्या आल्या तिने बॅग आत नेली आणि पडदा ओढला. मी बाहेर. संध्याकाळी जेवायला बाहेर आली, जेवली, ताट विसळलं, आत. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या थाटात यंत्र हातात दिलं. तिने उघडलं, ‘टक’ ऐकलं, वजन केल्यासारखं तळहातावर तोललं आणि म्हणाली, जड आहे. मग म्हणाली, पोटावर पडून खेळलं तर हे झाकण मागे पुरेसं जात नाही, पूर्ण वळणारं मिळत नाही का? मिळतं. लोळ्या. मी तीन आठवडे वाचून तो नाकारला होता, कारण मला पोटावर पडून खेळता येत नाही. विचारायचं असतं, हे तू सांगितलं होतंसच, परत सांगू नकोस.

तरी ती खेळते. पण आत, एकटी. काडीही तिच्याकडे आणि बटणंही तिच्याकडे. मी बाहेर बटाटे सोलत असतो आणि ते जुने आवाज ऐकू येतात. चेंडू फटीत गेला की आवाज थांबतो, मी सुरी थांबवतो. एकदा विचारलं, मी मदत करू का? आतून उत्तर आलं, नको, जमतंय. वाईट वाटलं. थोडं नाही, बरंच वाटलं. इतकी जुळवाजुळव केली ती एकाच यंत्रावर खेळणाऱ्या त्या दोघांसाठी केली होती, आणि त्यांतली एक जण आता मोठी झालीय, हे मला कुणी यंत्राबरोबर लिहून दिलं नव्हतं.

बोलते मात्र. जेवताना बोलते. शाळा ‘बरी’ नाही, गणिताच्या बाई कशा खडूस आहेत, मैत्रिणीने कसं फसवलं, ते सगळं. मी मधे बोलत नाही. केबिनमध्ये काम केल्याचा हा एक फायदा, समोर काय चाललंय ते बघायचं आणि हात आवरायचे.

काल दुपारी मी स्वयंपाकाच्या ओट्याशी होतो, ती टेबलाशी बसून काहीतरी खात होती. तिच्या त्याच मैत्रिणीचा फोन आला. खारूने इकडेतिकडे बघितलं, उठली आणि फोनवर म्हणाली, “एक मिनिट थांब हं, मी माझ्या खोलीत जाऊन बोलते.” तीन पावलं गेली आणि पडदा ओढला.

ताई, घर एका खोलीचं आहे. मी गॅस बंद केला, चपला हातात घेतल्या, आवाज न करता दार लोटून जिन्यात गेलो, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

तुझा,
धाकटा